देणाऱ्यांच्या बाजूला

पार्सल ऑफिसात तिला सगळे काटेमावशी म्हणत. वजनाच्या काट्यावर इतकी वर्षं आपली ड्यूटी, म्हणून हे नाव पडलं असणार, अशी तिची समजूत होती. ती खोटी नव्हती, पण अर्धीच होती. एक तर ती काट्यासारखी बारीक होती, आणि कुणी दोन शब्द बोलायला गेलं की टोचायची. लोक खोकी आणून ठेवत. ती आकडा बघे, चिठ्ठीवर लिही, चिठ्ठी खोक्यावर डकवी आणि म्हणे, "पुढचं." दिवसभरात तिच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघणारा शब्द हाच.

मुलगा गेल्यानंतर तोही हळू आवाजात निघू लागला.

मुलाला ती खारू म्हणायची. लहानपणी तो घास गिळायचाच नाही, खारीसारखा गालात साठवून ठेवायचा. वर्षाचा व्हायच्या आतच कळलं, की त्याच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही. थॅलेसेमिया. तो शब्द नीट म्हणता येईपर्यंत तिची जीभ कितीदा अडखळली. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि ते जन्मभर. सुरुवातीला त्याचे वडील बरोबर यायचे. मग ते कामासाठी परगावी गेले आणि तिकडचेच झाले. ती कुणाला काही बोलली नाही. तिनं साहेबांना सांगून आपली आठवड्याची सुट्टी तेवढी गुरुवारी करून घेतली, कारण वॉर्डात लहान मुलांचा रक्ताचा वार गुरुवार होता.

खारू मोठा झाला, शाळेत गेला, दहावी झाला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. एकविसाव्या वर्षी त्याचं हृदय थकलं. वर्षानुवर्षं चढवलेल्या रक्तातलं लोह शेवटी हृदयात जाऊन बसतं, असं डॉक्टरांनी समजावलं. तिनं मान डोलावली. समजून काय करायचं होतं?

गुरुवारची सुट्टी मात्र तशीच राहिली. बदलून मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. त्यामुळे गुरुवार उजाडला की ती घरात बसून राही. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीखाली त्याचा पलंग. बाकीचे सहा दिवस काट्यावर निघून जात. हा एकच दिवस जाता जात नसे.

असाच एक गुरुवार होता. ती दूध आणायला म्हणून खाली उतरली आणि समोर नेहमीची बस आली. ती बसमध्ये चढली. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं तेव्हा तिच्या तोंडून "हॉस्पिटल" निघून गेलं, आणि मग उतरायचं कशाला, म्हणून ती बसून राहिली.

वॉर्डात खारूच्या कोपऱ्यातल्या खाटेवर दोन वेण्या घातलेली एक मुलगी चित्रं रंगवत होती. तिच्या हाताला नळी लावलेली होती. तिची आई खुर्चीत बसून डुलक्या घेत होती, ती खुर्चीसुद्धा तीच. सिस्टरनं काटेमावशीला पाहिलं आणि लगबगीनं येऊन दंडाला धरलं.

"काकू! अहो, कशा आहात? बसा ना."

पण बसायला जागा नव्हती. सिस्टरला चौथ्या खाटेवरून हाक आली, ती गेली. काटेमावशी दाराशी उभी राहिली. ट्रॉली आली तेव्हा बाजूला झाली, डॉक्टर आले तेव्हा पुन्हा बाजूला झाली. ज्या खोलीत आपण इतकी वर्षं काढली तिथं आपण आता नुसती वाट अडवून उभे आहोत, हे तिच्या ध्यानात आलं. कुणालाही न सांगता ती जिन्यानं खाली उतरली.

डोळे भरून आले होते, त्यामुळे तळमजल्यावर ती चुकीच्या बाजूला वळली. रक्तपेढी तिला ठाऊक होती, पण फक्त खिडकी. खिडकीत कागद द्यायचा, आतून पिशवी यायची. आता ती त्याच रक्तपेढीच्या पाठीमागच्या दाराशी येऊन उभी होती. दार सताड उघडं होतं आणि वर पाटी होती: 'रक्तदात्यांसाठी'.

आत बाकांवर पाच-सात माणसं बसली होती. टाय लावलेला एक तरुण एका बाहीचं बटण सोडत होता. भाजीची पिशवी पायाशी ठेवून एक बाई फोनवर कुणाला तरी कुकर बंद करायला सांगत होती. एक म्हातारेसे गृहस्थ कोडं सोडवत होते. काटेमावशी त्यांच्याकडे बघत राहिली. इथं काय वेगळं आहे ते तिला आधी कळेना, मग कळलं. कुणी रडत नव्हतं. कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं. या लोकांना इथं यायला भाग पाडेल असं काहीच घडलं नव्हतं, तरी ही माणसं आली होती.

टेबलामागून जाड चष्म्याच्या एका बाईंनी विचारलं, "रक्त द्यायचंय का?"

"हो," काटेमावशी म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

चष्मेवाल्या बाईंनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं केलेली ही बाई चप्पल काढून अवघडून उभी राहिली. काटा फार वर गेला नाही. मग बोटाला टोचून थेंब घेतला, त्यातलं हिमोग्लोबिनही कमी भरलं.

"काकू, तुम्ही जेवता ना?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"जेवते की."

हे काही खरं नव्हतं. मुलगा गेल्यापासून तिचं जेवण म्हणजे मोरीपाशी उभ्यानं खाल्लेला चहा-पाव होता. पण "जेवता ना" असं तिला बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

"वजन वाढवा. पालेभाज्या, कडधान्यं, खजूर, अंडी चालत असतील तर अंडी. तीन महिन्यांनी या. आम्ही आहोतच इथे."

त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली, म्हणजे गॅस. आणि दोघांचा भात टाकला. हात सवयीनं दोन मुठी घेऊन मोकळा झाला. तिनं त्यातला अर्धा परत काढायचा प्रयत्न केला, पण तांदूळ भिजले होते. मग उरलेला भात दुसऱ्या दिवशी डब्यात घालून तिनं ऑफिसात नेला.

पार्सल ऑफिसात डबा खायची खोली म्हणजे गोडाऊनच्या टोकाची एक फळी आणि तीन बाकं. काटेमावशीला डबा उघडताना पाहून ट्रक ड्रायव्हर बंब जागच्या जागी थांबला. बंब हे त्याचं टोपणनाव. माणूस तसाच होता, उभा-आडवा आणि सतत वाफ सोडणारा. त्याचं तोंड झोपेतसुद्धा मिटत नसेल अशी सगळ्यांची खात्री होती.

"मावशी, आज डबा? सूर्य कुठल्या बाजूनं उगवला म्हणायचा?"

"तुझ्या डोक्यावर उगवला. बस आणि जेव."

रोज डबा येऊ लागला. पालेभाजी, उसळ, उकडलेलं अंडं. चव तिला अजून लागत नव्हती. औषध घ्यावं तशी ती जेवत होती. पण आता एकटीनं बाजारात जाऊन "पाव किलो" म्हणताना आवाज चोरटा होत नव्हता. आणि दुपारी सगळे मालाच्या गाडीपाशी गेले की ती हळूच पार्सलच्या काट्यावर चढून आकडा बघायची.

एकदा बंबानं पकडलंच.

"मावशी! कुठं पाठवायचंय? पत्ता सांगा, मी स्वतः पोचवून येतो. नाजूक माल म्हणून शिक्का मारू का?"

तिनं डोळे वटारले, पण ओठांचे कोपरे ऐकेनात. बुकिंगच्या खिडकीवरची चिमणी, म्हणजे किणकिण्या आवाजाची एक पोरसवदा मुलगी, तिकडून ओरडली, "मावशी हसल्या!" हेडक्लार्क केबिनमधून बाहेर आले आणि काट्यावर माणसं चढवायची नाहीत असा नियम आहे, तो त्यांनी सगळ्यांना ऐकवला. असा नियम कुठंच लिहिलेला नव्हता, पण हेडक्लार्क बोलले की तो व्हायचा. त्यानंतर रोज दुपारी हेडक्लार्क डुलकी घेताहेत का ते चिमणी बघायची आणि बंब आकडा वाचायचा. हे सगळं कशासाठी, ते मावशीनं सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. विचारलं तर टोचेल, असंच त्यांना वाटलं असणार.

तीन महिन्यांनी ती धुतलेली साडी नेसून त्या दारातून आत गेली. रक्तपेढीच्या काट्यावर वजन बसलं. चष्मेवाल्या बाई खूश झाल्या. "वा काकू, मनावर घेतलंत!" मग बोटाला टोचलं. थेंब यंत्रात गेला. बाईंनी आकडा पाहिला, दुसऱ्या बोटाला टोचलं, पुन्हा पाहिलं, आणि आतून डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली, जेवणाचं विचारलं, आधीचे कुठले आजार ते विचारलं. मग म्हणाल्या, "घरात कुणाला रक्ताचा काही आजार?"

"मुलाला होता." तिनं आजाराचं नाव सांगितलं. आता ते तिला न अडखळता म्हणता येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काकू, हे तुम्हाला तेव्हा कुणीतरी सांगितलं असेल. आई आणि वडील दोघांच्याही रक्तात थोडं थोडं असतं, तेव्हाच ते मुलात पूर्ण उतरतं. तुमच्यात ते आहे. तुम्हाला त्याचा त्रास नाही, तुमच्यापुरतं तुमचं रक्त ठीक आहे. पण हा आकडा कितीही जेवलात तरी फारसा वर येणार नाही."

"म्हणजे आता पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळीही नाही, काकू. तुमचं रक्त आम्हाला घेता यायचं नाही."

तेव्हा सांगितलं होतं, हे खरं. 'मायनर' असा शब्द होता. मायनर म्हणजे किरकोळ, म्हणजे मनावर न घेण्यासारखं, असं धरून ती तो शब्द विसरून गेली होती. तेव्हा लेकरू मांडीवर होतं, आपल्याकडे बघायला सवड कुणाला होती! आता सवडच सवड होती. बसमध्ये खिडकीशी बसून ती आपल्या मनगटावरच्या हिरव्या शिरांकडे पाहत राहिली. पोराला जे दिलं ते हे. आणि दुसऱ्या कुणाला द्यावं म्हटलं तर तेही याच्यामुळे नाही.

दुसऱ्या दिवशी डबा नव्हता. चहाच्या सुट्टीत बंबानं फळीवर आपला कप ठेवला आणि नेहमीपेक्षा बऱ्याच हळू आवाजात विचारलं, "मावशी, काही झालं का?"

तिला "काही नाही" म्हणायचं होतं. पण म्हणता म्हणता तिनं सगळं सांगितलं. खारू आजारी होता एवढंच ऑफिसात माहीत होतं. दर महिन्याला त्याला दुसऱ्याचं रक्त लागायचं, हे कुणाला माहीत नव्हतं. काट्यावर चढायचं कारणही आज कळलं. चिमणीचा चहा निवून गेला. हेडक्लार्क पाण्याला म्हणून आले होते, ते पेला हातात धरून उभेच राहिले.

सांगून झाल्यावर ती थांबली. पुढं जे बोलायचं होतं ते तिला फार जड होतं. खारू लहान असताना हॉस्पिटल पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा माणूस आणायला सांगायचं. ती शेजारीपाजारी दारं ठोठावत फिरली होती. कुणाला अचानक कणकण वाटायची, कुणाच्या नवऱ्याला नेमकं बाहेरगावी जायचं असायचं. दिरानं एकदा दिलं आणि मग प्रत्येक लग्नाकार्यात, चारचौघांत ऐकवलं, "याच्या अंगात माझं रक्त आहे बरं का." खारू मान खाली घालून जेवायचा. पुढं अशा मुलांसाठी बदली माणूस मागणं बंद झालं, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं होतं, की आता जन्मात कुणापुढं हात पसरायचा नाही.

"मला देता येत नाही," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी द्याल का?"

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. एका हमालाला बीपी होता. दुसऱ्याच्या सासूबाईंना असलं काही चालत नव्हतं. हेडक्लार्क म्हणाले, "मला ऍसिडिटी आहे," आणि पाणी न पिताच निघून गेले. चिमणी म्हणाली, "मी आईला विचारते."

"माझ्याकडे बघा मावशी," बंब छाती फुगवून म्हणाला, "माझ्यात तर टाकीच आहे. चार पिशव्या काढल्या तरी कळायचं नाही."

"मग रविवारी ये. तुझी सुट्टी असते. मी तिथंच असेन."

"येतो की! त्यात काय?" तो म्हणाला. पण त्यानंतर चहा संपेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि हे पूर्वी कधी घडलं नव्हतं.

त्या आठवड्यापुरती तिनं सुट्टी रविवारी मागून घेतली. हेडक्लार्कनी कारण विचारलं नाही. रक्तपेढी उघडायच्या आधीच ती पोचली होती. दाराकडं तोंड करून असलेल्या बाकावर ती बसली. माणसं येत होती, आत जात होती, दंडाला चिकटपट्टी लावून, बिस्किटं खाऊन बाहेर पडत होती. त्यातलं कुणीही तिचं नव्हतं. चष्मेवाल्या बाईंनी चहा आणून दिला.

"येतील काकू. रविवारी लोक उशिरा उठतात."

"नाही यायचे," ती म्हणाली. "मी ओळखते त्यांना."

ऊन बाकापर्यंत आलं आणि तिच्या पायांवर चढलं. चिमणीचा फोन आला, आई नको म्हणतेय, सॉरी मावशी. "बरं," ती म्हणाली. पूर्वी अशी बंद दारं बघून ती चिडायची. आज चीडसुद्धा येत नव्हती, नुसतं रिकामं रिकामं वाटत होतं. तेव्हा निदान रक्त कुणासाठी मागायचं ते माहीत होतं. आज तर घरी वाट बघणारंही कुणी नव्हतं. तिनं पदर सावरला, कप जागेवर ठेवला आणि ती बाहेर पडली.

रस्त्याच्या पलीकडं औषधाच्या दुकानाच्या भिंतीला टेकून बंब उभा होता.

तो केव्हापासून उभा होता कोण जाणे. पाठीवर शर्ट घामानं चिकटला होता. तिला बघून तो दचकला.

"मावशी, मी आलोच होतो. म्हणजे, येतच होतो."

"सुईची भीती वाटते?"

"सुईची नाही वाटत." त्यानं कपाळ पुसलं. "सुईच्या टोकाची वाटते."

तिला हसू आलं. मग त्याचा चेहरा नीट पाहिला आणि हसू गेलं. एवढा थोरला माणूस, रात्रंदिवस घाट चढणारा-उतरणारा, आणि एवढासा रस्ता त्याला ओलांडवत नव्हता.

"मग नको देऊस," ती म्हणाली. "घरी जा. मी रागवणार नाही. इथं कुणी कुणाला ओढून आणत नाही, त्यातच तर सगळं आहे. तू इथवर आलास ना, पुष्कळ झालं."

ती खरंच बसस्टॉपकडं निघाली. चार पावलं गेल्यावर मागून आवाज आला.

"मावशी, तुम्ही आत माझ्याजवळ बसाल?"

ती वळली.

आत त्याचं वजन झालं. काटा गरकन फिरला आणि चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "वा!" बोटाचा थेंब उत्तम निघाला. आज मोठी गाडी चालवायची नाही, पाणी भरपूर प्यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. खाट त्याला अरुंद झाली. एक खांदा बाहेरच राहिला. काटेमावशी त्या खांद्याशी स्टूल ओढून बसली. कुठं बसायचं आणि कुठं बघायचं नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"डोळे भिंतीकडं," ती म्हणाली. "आणि आता मला सांग, काल गाडी कशी भरली होतीस? दारापाशी काय होतं?"

"दारापाशी... सायकली. दोन."

"त्यांच्या मागं?"

"काचेचं सामान. ते मी नेहमी मधे ठेवतो, गोण्यांच्या आधारानं. कारण मावशी, मागं ठेवलं ना, की खड्ड्यात..."

तो गोण्या, पंखे आणि कुणाच्या तरी शिलाई मशिनपर्यंत पोचला तेव्हा सुई आत जाऊन बराच वेळ झाला होता. सिस्टरनं काटेमावशीकडं बघून भुवया उंचावल्या. खारूच्या बाबतीत काटेमावशी हेच करायची, फक्त तिथं क्रिकेटची टीम असायची.

नळीतून लाल रेघ पुढं सरकत गेली. खाली एक छोटी पाळण्यासारखी तबकडी पिशवीला हलवत होती. काटेमावशी बघत राहिली.

"सिस्टर, याला जरा हात लावू?"

"नळीला? हलकेच लावा."

तिनं दोन बोटं टेकवली आणि पटकन मागं घेतली. नळी गरम होती.

वॉर्डात पिशवी यायची ती गारठलेली, फ्रीजमधली. थोडा वेळ ठेवून मग लावायचे, तरी खारूला हुडहुडी भरायची. "आई, आतून थंड वाटतंय," म्हणायचा. मग ती त्याच्या दंडाजवळची नळी मुठीत धरून बसायची, तेवढीच ऊब. इतकी वर्षं रक्त म्हणजे थंड वस्तू असंच तिच्या मनात बसलं होतं. ते मुळात कुणाच्या तरी अंगातून असं ऊन ऊन निघत असेल, हा विचार कधी आलाच नव्हता. तिनं पुन्हा बोटं टेकवली, आणि या वेळी तशीच ठेवली.

"मावशी," बंब भिंतीशी बोलला, "हे कुणाला जाणार?"

"ते कळत नाही."

"कळलं असतं तर बरं झालं असतं."

"नाही रे. कळत नाही तेच बरं. तू कुणाला ऐकवायला जाणार नाहीस, कुणाला तुझ्यापुढं मान खाली घालावी लागणार नाही. कुणीतरी उद्या शाळेत जाईल, एवढंच." तिची बोटं नळीवरच होती. "मलाही कधी कळलं नाही. रस्त्यानं चालताना वाटायचं, हा असेल, ती असेल. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तरी मी भांडायची नाही. म्हटलं, न जाणो."

"ऑफिसात मात्र भांडायचात!"

"तुमच्यापैकी कुणी देत नाही, याची मला खात्री होती."

बंब एवढ्यानं हसला, की सिस्टरनं त्याला हात हलवू नको म्हणून दटावलं.

पिशवी भरली. त्यानं बिस्किटांचे दोन पुडे संपवले आणि दंडावरची पट्टी दिसावी म्हणून बाही वरच ठेवली. बायकोला फोन लावून त्यानं सगळं सांगितलं; सुई तोवर पेन्सिलीएवढी झाली होती.

दारात तो म्हणाला, "मावशी, घरी चला ना. बायको तुम्हाला नावानं ओळखते."

"आज नको. पुन्हा कधीतरी."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना. जा आता, आणि आज स्टिअरिंगला हात लावू नकोस."

तो रिक्षात बसला आणि वळणापर्यंत हात हलवत गेला. ती तिथंच उभी राहिली. "येते" म्हणाली असती तर काय बिघडलं असतं, असं तिच्या मनात आलं. पण भरल्या घरातून आपल्या घरी परत येणं तिला अजून झेपलं नसतं. आपण किती उचलू शकतो, हे तिला एव्हाना माहीत झालं होतं.

ऑफिसात आठवडाभर बंबाचीच कहाणी चालली. शनिवारपर्यंत सुई पहारीएवढी झाली आणि तिघं डॉक्टर त्याचं रक्त बघून थक्क झाले. हसता हसता दोन हमाल जाऊन आले. चिमणीनं आईला कसंबसं मनवलं, पण तिचा थेंब कमी भरला. ती रडत परत आली तेव्हा काटेमावशीनं तिला डब्यातली पालेभाजी वाढली आणि सांगितलं, "तुझा वर येईल. तू जेव." हेडक्लार्क कधीच गेले नाहीत. मावशीनंही त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. एकदा विचारायचं, नीट सांगायचं आणि मग माणसाला मोकळं सोडायचं, एवढं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

चष्मेवाल्या बाईंनी तिला म्हटलं, "काकू, पहिल्यांदा येणारे फार घाबरतात. तुम्ही रविवारी येऊन बसाल का?" तिनं सुट्टी कायमची बदलून घेतली. हेडक्लार्कनी अर्जावर सही करताना नुसतं एकदा वर पाहिलं.

तेव्हापासून रविवारी ती देणाऱ्यांच्या बाजूला बसते. आलेल्या माणसाचे पाय बघूनच तिला कळतं, हा पहिल्यांदा आलाय. त्याच्या शेजारी जाऊन ती काहीबाही विचारते. कुणी सुतार असला तर दार कसं बसवतात, कुणी शिक्षिका असली तर वर्गात सगळ्यात वांड कोण. "तुम्ही किती वेळा दिलंय?" असं कुणी ना कुणी विचारतंच. "एकदाही नाही," ती म्हणते, "मला देता येत नाही," आणि विचारलं तर का तेही सांगते. ती माणसं पट्टी लावून निघून जातात. बहुतेक पुन्हा दिसत नाहीत. दिसली तरी गर्दीत ओळखत नाहीत.

घर तसंच आहे. कुलूप उघडल्यावर आधी ऐकू येते ती शांतता. तिची सवय होईल असं लोक म्हणतात. तिला तरी अजून झालेली नाही.

परवाच्या रविवारी रक्तपेढीत चांगली गर्दी होती, पण सगळे जुनेजाणते आले होते. बाह्या वर करून स्वतःच खाटेवर चढत होते, सिस्टरशी गप्पा मारत होते. काटेमावशी बाकावर बसून होती. सकाळ गेली, दुपार कलली, तिला उठायची गरजच पडली नाही. घाबरलेलं असं कुणी आलंच नाही.

"काकू, आज तुमची सुट्टीच झाली की," चष्मेवाल्या बाई आवराआवर करत म्हणाल्या.

"हो ना," ती म्हणाली, "दिवस कसा गेला कळलंच नाही," आणि चपला शोधायला वाकली.